पुढाऱ्याचे वक्तव्य कसे तोलावे

तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी आम्ही आठ जण जमतो. त्यात एक निवृत्त तलाठी आहेत, दोघे द्राक्षबागायतदार आहेत, एक अंगणवाडी सेविका आहेत, महाविद्यालयात शिकणारी तीन मुले-मुली आहेत आणि शाळेत पंचवीस वर्षे मराठी शिकवलेला मी आहे. त्या आठवड्यात गाजलेले एखादे राजकीय वक्तव्य घ्यायचे, ते नीतीला आणि सभ्यतेला धरून होते का याचा विचार करायचा आणि निवाडा वहीत लिहून ठेवायचा, असा आमचा परिपाठ आहे. सुरुवातीला नुसती भांडणे होत, कारण ज्याचा जो नेता त्याचे सगळे बरोबर आणि समोरच्याचे सगळे चूक, अशीच सर्वांची मांडणी असे. हळूहळू एक पद्धत बसत गेली. सांगली-साताऱ्यातल्या इतर गावांतही असे बसणारे लोक आहेत. त्यांना ती उपयोगी पडावी म्हणून येथे सविस्तर लिहितो.

सभ्यता आणि नीती यांची दोन मापे

वक्तव्य ऐकल्यावर मनात पहिला प्रश्न येतो तो शब्दांचा: हे असे बोलणे शोभते का? हा सभ्यतेचा प्रश्न झाला. दुसरा प्रश्न असा की जे सांगितले ते खरे आहे का, ते कोणाच्या भल्यासाठी सांगितले आणि त्यातून कोणाचे नुकसान होईल? हा नीतीचा प्रश्न आहे. या दोहोंची उत्तरे पुष्कळदा उलटसुलट येतात. अतिशय मृदू आवाजात, 'माननीय' आणि 'आदरणीय' लावून एखादा पुढारी एका अख्ख्या समाजाबद्दल संशय पेरून जातो आणि कोणाला काही खटकत नाही. दुसरा एखादा शिवराळ बोलतो, पण त्याने सांगितलेला घोटाळा खरा निघतो. माझ्या मते पहिला अधिक घातक आहे. तरी दुसऱ्याला शिवीची सूट मिळत नाही. म्हणून वहीत दोन रकाने ठेवावेत आणि एका रकान्यातला दोष दुसऱ्यात ओढू नये.

सभ्यता तोलताना आपल्या भागात एक चूक हमखास होते, ती म्हणजे रांगड्या बोलीलाच असभ्य ठरवण्याची. क्रांतिसिंह नाना पाटील प्रतिसरकारच्या काळापासून वाळवा, खानापूर, कराडच्या शेतकऱ्यांशी बोलले ते त्यांच्याच घरच्या भाषेत. त्या भाषेत पुस्तकी शिष्टाचार नव्हता आणि तरीही ऐकणाऱ्याचा मान राखलेला होता. 'आरं', 'गड्या', 'लेका' हे शब्द आमच्याकडे शेजाऱ्याला जेवायला बोलावतानाही वापरतात.

एकेरी उल्लेखाचेही तसेच आहे. मराठीत आई येते आणि विठ्ठल उभा असतो. ज्याच्यावर जीव आहे त्याला आपण एकेरीतच हाक मारतो. आमच्या तालुक्यात 'आबा आला' हे वाक्य प्रेमाने उच्चारलेले मी शेकडो वेळा ऐकले आहे. मात्र जो नेता एरवी सर्वांना 'साहेब' म्हणतो, तोच एका विशिष्ट विरोधकाला, त्यातही विरोधक स्त्री असेल किंवा खालच्या मानल्या गेलेल्या जातीतून आलेला असेल तेव्हा, 'तो', 'ती', 'त्याला सांगा' असे म्हणू लागतो, तेव्हा त्या एकेरीत तुच्छता असते. म्हणून त्याच भाषणात इतरांचा उल्लेख कसा केला आहे ते शोधावे. उत्तर तेथे सापडते.

पूर्ण वक्तव्य मिळवल्याशिवाय बोलू नये

ही पायरी सर्वांत कष्टाची आहे आणि बहुतेक जण तीच गाळतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने एका स्थानिक नेत्याविरुद्ध एकमताने निवाडा दिला होता. बावीस सेकंदांच्या चित्रफितीत तो नेता स्पष्ट म्हणत होता की शेतकऱ्याला फुकट खायची सवय लागली आहे. आम्ही वहीत 'नीतिबाह्य' असे लिहिले आणि माझ्याच हाताने मी ते गावातल्या चार व्हॉट्सअॅप समूहांवर टाकले. पुढच्या शनिवारी त्या सभेला ध्वनिक्षेपक लावणारा मुलगा वाचनालयात आला. त्याच्याकडे पेनड्राइव्हवर सदतीस मिनिटांचे संपूर्ण भाषण होते. खिडकी बंद करून आम्ही ते ऐकले. चौदाव्या मिनिटाला तो नेता म्हणतो, 'परवा मुंबईत बसून एक जण काय म्हणाला?' आणि मग ते वाक्य येते. त्यानंतरची पाच मिनिटे त्याने ते वाक्य खोडून काढण्यात घालवली होती. चित्रफीत कापणाऱ्याने आधीचा प्रश्न आणि नंतरचे उत्तर, दोन्ही उडवले होते. खोलीत बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

त्या दिवसापासून आम्ही पुढील गोष्टी हाती आल्याशिवाय चर्चा सुरू करत नाही: वक्तव्याची तारीख आणि ठिकाण, समोर कोण बसले होते, वक्तव्य आपणहून केले की पत्रकाराच्या प्रश्नाला उत्तर म्हणून, आणि वादग्रस्त वाक्याच्या आधीची व नंतरची किमान दोन-दोन मिनिटे. पुढारी हिंदीत बोलला असेल तर मूळ हिंदी शब्द लिहून घ्यावेत, कारण भाषांतरात धार वाढते किंवा कमी होते. नेत्याचे छायाचित्र आणि अवतरणचिन्हातले एक वाक्य असलेले रंगीत कार्ड फिरत असेल, तर ज्या वृत्तपत्राचे किंवा वाहिनीचे चिन्ह त्यावर आहे तिच्या स्वतःच्या पानावर ते आहे का हे आधी पाहावे. चिन्ह चिकटवणे आता कोणालाही जमते आणि हुबेहूब आवाजही यंत्राने तयार करता येतो.

छापलेल्या कागदावरचा विश्वास किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण आपल्याच मातीतल्या माणसाच्या आयुष्यात आहे. कराडजवळच्या टेंभूत जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर आणि त्यांचे सहकारी लोकमान्य टिळक यांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे तिथल्या छत्रपतींचा छळ करतात, असे लिखाण काही पत्रांच्या आधारे प्रसिद्ध केले. ती पत्रे बनावट ठरली. १८८२ साली बदनामीच्या खटल्यात दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. दोघांचा हेतू शुद्ध होता, छत्रपतींविषयीची कळकळ खरी होती, तरीही कागद खोटा तो खोटाच. इतक्या सावध बुद्धीची माणसे फसली, तर दिवसाला दोनशे संदेश पाहणारे आपण कोणत्या हिशेबात!

दृश्याचा परिणामही बाजूला काढावा लागतो. १८ ऑक्टोबर २०१९ रोजी साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले, ते दृश्य महाराष्ट्राला पाठ आहे. त्या भाषणात ते काय म्हणाले, असे आमच्या गटात विचारले तेव्हा आठांपैकी दोघांनाच सांगता आले की लोकसभेचा उमेदवार निवडताना आपली चूक झाली, अशी कबुली त्यांनी दिली होती. पाऊस, अश्रू, घोषणा, टाळ्या, संतापलेला चेहरा यांमुळे शब्द मोठे किंवा लहान दिसू लागतात. म्हणून वादग्रस्त परिच्छेद कागदावर जसाच्या तसा उतरवून घ्यावा आणि एकाने तो सपाट आवाजात वाचावा.

वाक्याचे तुकडे करावेत

एकाच दमात बोललेल्या वाक्यात चार निरनिराळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचे वजन वेगळे असते. कोपरासभांत ऐकू येते त्या धाटणीचे एक वाक्य मी सरावासाठी रचले आहे: 'ह्यांनी हातात बांगड्या भरल्यात, टेंभूचं पाणी आणायची ह्यांची लायकी नाही, कारखान्यानं उसाचं बिल दोन महिने थकवलंय, आता ह्यांना गावात पाय ठेवू देऊ नका.'

पहिला तुकडा विरोधकाला दुबळे म्हणतो आणि ते म्हणण्यासाठी बाईच्या हातातला दागिना वापरतो. आमच्या अंगणवाडी सेविका या वाक्प्रचाराबद्दल एकदा म्हणाल्या, 'सर, मी बांगड्या घालूनच महापुरात चाळीस पोरं शाळेच्या गच्चीवर नेली.' त्यानंतर या तुकड्यावर आम्हाला वेगळी चर्चा करावी लागली नाही. बोलणाऱ्याचा रोख पुरुषावर असला तरी अपमान सभेतल्या निम्म्या माणसांचा होतो, म्हणून सभ्यतेच्या रकान्यात हा स्पष्ट दोष लिहावा.

दुसऱ्या तुकड्यात 'लायकी' हा शब्द आहे. पाणी आणण्यात विरोधक अपयशी ठरला, असे म्हणणे ही टीका झाली; टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या श्रेयावर आणि अपश्रेयावर आपल्याकडच्या निवडणुका रंगतात आणि ते योग्यच आहे, कारण पाण्याचा हिशेब मागणे हा मतदाराचा हक्क आहे. 'लायकी' मात्र कामावरून माणसाच्या दर्जावर घसरते. हा मध्यम दोष मानावा. पण ज्याच्याविषयी बोलले जात आहे त्याच्या जातीकडे किंवा घराण्याकडे त्या शब्दाचा इशारा असेल, तर दोष गंभीर होतो.

तिसरा तुकडा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि गोंगाटात तोच हरवतो. ते तपासता येण्याजोगे विधान आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज देय असते. कोणत्या कारखान्याकडे किती थकबाकी आहे, ही माहिती पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडे असते. आरोप खरा असेल तर तो करणे पुढाऱ्याचे कर्तव्यच होते आणि नीतीच्या रकान्यात त्याच्या बाजूने नोंद झाली पाहिजे. खोटा असेल तर गोड शब्दांनीही तो वाचत नाही. पुराच्या दिवसांत 'पाणी मुद्दाम सोडले' किंवा 'मुद्दाम अडवले' असे आरोप होतात, त्यांनाही हीच कसोटी लावावी. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, विसर्गाचे आकडे पाटबंधारे विभाग पुराच्या काळात रोज जाहीर करतो. तारीखवार आकडे समोर ठेवले की निम्मी भाषणे गळून पडतात आणि उरलेल्या निम्म्यांचे गांभीर्य कळते.

चौथ्या तुकड्यात कृतीला उद्युक्त करणे आहे. 'पाय ठेवू देऊ नका' याचा अर्थ मत देऊ नका असाही होतो आणि वाटेत अडवा असाही होतो. अर्थ ठरवताना समोरचा जमाव कोणता होता, त्या गावात आधी काही तणाव होता का आणि बोलणाऱ्याने लगेच 'मतपेटीतून' असा खुलासा केला का, हे पाहावे.

रोख कोणावर आहे

खाली बसलेल्याने वर बसलेल्याला मारलेला टोमणा आणि वर बसलेल्याने खाली बसलेल्याची उडवलेली खिल्ली यांना एकच माप लावणे न्यायाचे नाही. शेतकऱ्याने मंत्र्याला 'झोपलात का' असे विचारले तर ती कळकळ असते. मंत्र्याने शेतकऱ्याला तेच विचारले तर ती बेपर्वाई होते. सत्ता, पैसा, व्यासपीठ आणि ध्वनिक्षेपक ज्याच्या हातात आहे त्याच्याकडून संयमाची अपेक्षा जास्त ठेवावी. यावर कोणी पक्षपाताचा आक्षेप घेतला तरी मी या मतावर ठाम आहे.

निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेने येथे एक सोपी रेघ आखून दिली आहे: इतर पक्षांवरील टीका त्यांची धोरणे, कार्यक्रम, पूर्वीची कामगिरी आणि काम एवढ्यापुरतीच असावी; सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर टीका करू नये; पडताळणी न केलेले आरोप टाळावेत; जातीय किंवा धार्मिक भावनांना आवाहन करून मते मागू नयेत. ही रेघ निवडणुकीच्या काळापुरती असली तरी निवाड्यासाठी आम्ही ती बारा महिने वापरतो. विरोधकाची बायको, मुलगी, आजारपण, रंग, उंची, शिक्षण, अपत्य नसणे यांवर बोललेले प्रत्येक वाक्य या रेघेच्या पलीकडचे आहे. एकच अपवाद आम्ही मानतो: खासगी गोष्ट सार्वजनिक पैशाशी किंवा पदाच्या गैरवापराशी जोडलेली असेल तर तिच्याबद्दल प्रश्न विचारता येतो, आणि तोही प्रश्न म्हणूनच, चेष्टा म्हणून नव्हे.

आंधळे, बहिरे, लंगडे सरकार अशी विशेषणे आपण सहज वापरतो. आमच्या गटात येणाऱ्या एका मुलाच्या भावाला ऐकू येत नाही. त्याने विचारले, 'सरकार ऐकत नाही हे सरकारचं वागणं झालं. माझ्या भावाचा त्यात काय दोष?' तेव्हापासून आम्ही अशा शब्दांखालीही रेघ मारतो, दोष लहान असला तरी.

पद आणि प्रसंग

तेच वाक्य वेगळ्या प्रसंगी वेगळे वजन घेते. येथे मला आमच्या तालुक्याच्या काळजाला हात घालावा लागतो. आर. आर. पाटील, आमचे आबा, अंजनीच्या साध्या घरातून राज्याच्या उपमुख्यमंत्रिपदापर्यंत गेले. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणि तंटामुक्त गाव मोहीम यांनी गावोगाव काय बदल झाला, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर गृहमंत्री म्हणून पत्रकारांशी हिंदीत बोलताना, मोठ्या शहरात असे एखाद-दुसरे प्रकार घडतात, अशा आशयाचे ते बोलून गेले. देश हादरलेला होता, प्रेते अजून घरी पोहोचत होती. चहूकडून संताप उसळला आणि १ डिसेंबर २००८ रोजी त्यांनी राजीनामा दिला. त्या राजीनाम्यामागे वक्तव्याइतकीच हल्ल्याच्या जबाबदारीचीही पार्श्वभूमी होती, हे नोंदवायला हवे.

आमच्या गटात हे उदाहरण घेतले त्या संध्याकाळी तलाठीअण्णा आधी खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. परत आले आणि म्हणाले, 'आबांचं मन तसं नव्हतं.' मलाही तसेच वाटते. तरी निवाडा वाक्याचा आहे. हेतू दुखवण्याचा नव्हता, शब्दांत शिवी नव्हती, कोणत्याही गटाचा द्वेष नव्हता; पण राज्याच्या सुरक्षेची जबाबदारी ज्या पदावर आहे त्या पदावरून, शोकाच्या दिवसांत, मृत्यूला लहान करणारे शब्द निघाले. आम्ही लिहिले: सभ्यतेत मोठा दोष नाही, पदाच्या जबाबदारीत गंभीर दोष, आणि पद सोडल्याने त्या दोषाची किंमत मोजली गेली. त्याखाली आबांच्या कामाबद्दल एक ओळही लिहिली नाही, कारण तो वेगळा हिशेब आहे. २००९ च्या निवडणुकीनंतर ते पुन्हा गृहमंत्री झाले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये गेले, तेव्हा अख्खा तालुका रडला. त्या रडण्याचा आणि या निवाड्याचा एकमेकांशी झगडा नाही.

सभागृहातले बोलणे आणि चौकातले बोलणे यांतही फरक ध्यानात ठेवावा. विधिमंडळात बोललेल्या शब्दांसाठी आमदारावर न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही, असे संरक्षण राज्यघटनेच्या अनुच्छेद १९४ ने दिले आहे. संसदेसाठी ते अनुच्छेद १०५ मध्ये आहे. तेथे अध्यक्ष असभ्य शब्द कामकाजातून काढून टाकू शकतात. साताऱ्याच्या गांधी मैदानावर हे संरक्षण नसते. सभागृहात निर्धास्तपणे केलेला आरोप तोच नेता बाहेर करायला तयार आहे का, हे पाहिले की त्याचा स्वतःच्या शब्दावर किती भरवसा आहे ते समजते.

नाव झाकून वाचावे

आमच्याकडे एक फळा आहे. त्यावर वक्तव्य लिहायचे, पण नेत्याचे, पक्षाचे आणि गावाचे नाव झाकायचे, योजनांची नावेही बदलायची. मग प्रत्येकाने निवाडा चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. चिठ्ठ्या वाचून झाल्यावरच नाव सांगायचे. एका शनिवारी आमच्यातल्या एका कट्टर कार्यकर्त्याने चिठ्ठीत लिहिले होते, 'असल्या माणसाला उमेदवारीच देऊ नये.' नाव उघडले तेव्हा तो त्याचाच नेता निघाला. त्याने चिठ्ठी परत मागितली नाही. 'लिहिलंय ते राहू दे' इतकेच म्हणाला. त्या संध्याकाळी आमचा गट खऱ्या अर्थाने सुरू झाला, असे मी मानतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजकारणातल्या भक्तीविषयी इशारा दिला होता. झाकलेल्या नावाच्या फळ्यासमोर बसले की तो इशारा अंगावर येतो.

कायदा कुठे येतो

असभ्य असलेले सर्व काही बेकायदा नसते आणि तसे नसावेच. अनुच्छेद १९ भाषणस्वातंत्र्य देतो आणि त्यावरील निर्बंधांची यादी ठरलेली आहे. त्या यादीबाहेरचे नवे निर्बंध मंत्र्यांवरही लादता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३ जानेवारी २०२३ रोजी सांगितले. त्याच निकालात मंत्र्याचे वक्तव्य सामूहिक जबाबदारीच्या तत्त्वावर आपोआप सरकारचे ठरत नाही, असेही आहे. म्हणजे पुष्कळसे काम कायद्याकडे न जाता आपल्याकडे, मतदारांकडे येते.

कायदा येतो तो ठरावीक ठिकाणी. गटागटांत शत्रुत्व पसरवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली, धार्मिक भावनांचा हेतुपुरस्सर अपमान कलम २९९ खाली आणि बदनामी कलम ३५६ खाली येते. धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या नावावर मते मागणे आणि उमेदवाराच्या चारित्र्याविषयी खोटी विधाने करणे हे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार निवडणुकीतले भ्रष्ट आचरण ठरू शकते. त्यासाठी निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत करावी लागते. आचारसंहितेच्या काळात आयोग प्रचारबंदी घालू शकतो. एप्रिल २०१९ मध्ये काही बड्या नेत्यांवर ४८ ते ७२ तासांची अशी बंदी आली होती. आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रार-सुविधेवर मोबाइलने जागेवरूनच चित्रीकरण करून तक्रार करता येते आणि तिची दखल १०० मिनिटांत घेण्याची व्यवस्था आहे. त्यावर जुनी, आलेली चित्रफीत चढवता येत नाही, हे लक्षात ठेवावे.

माफी तोलणे

वक्तव्यानंतर जे घडते तेही वक्तव्याचाच भाग आहे. 'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला' असे नेता म्हणाला, तर त्याने पूर्ण चित्रफीत स्वतः दिली का, हे विचारावे. विपर्यास खरोखर होतो, हे आम्ही स्वतः भोगले आहे. 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी' या वाक्यात चूक दुखावणाऱ्याची न राहता दुखावल्या गेलेल्याची होते. 'तर' या एका शब्दाने सगळी माफी मागे घेतलेली असते. खऱ्या माफीत मी काय बोललो, ते चूक होते आणि कोणाचा अपमान झाला, हे तीन धागे असतात आणि 'पण' नसतो.

कराडच्या प्रीतिसंगमावर घडलेला प्रसंग या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. एप्रिल २०१३ मध्ये, दुष्काळाने माण-खटाव, आटपाडी, जत होरपळत असताना आणि जनावरे चारा छावण्यांत असताना, तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी इंदापूर तालुक्यातल्या सभेत, पाण्यासाठी मुंबईत उपोषणाला बसलेल्या शेतकऱ्याची आणि कोरड्या धरणांची अश्लाघ्य थट्टा केली. गदारोळ झाला, त्यांनी माफी मागितली आणि १४ एप्रिल २०१३ रोजी यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेशासाठी बसले. आमच्या गटात यावर दोन शनिवार गेले. मुलांचे म्हणणे होते की चूक उघडपणे मान्य केली, जागा चव्हाणसाहेबांची निवडली, याहून काय करायचे? बागायतदारांपैकी एकाची जनावरे त्या वर्षी छावणीत होती. तो म्हणाला, 'समाधीपाशी बसण्यापेक्षा आमच्या छावणीत येऊन एक दिवस बसायला पाहिजे होतं.' मला हे म्हणणे पटते. माफी ज्याची मागायची त्याच्यापर्यंत ती पोहोचली का, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या वहीत कायमचा आला. तरीही सशर्त दिलगिरीच्या तुलनेत ती माफी पुष्कळ वरच्या दर्जाची होती, आणि तसे आम्ही लिहिले. पुढील सहा महिन्यांत तोच नेता पुन्हा तशाच विषयावर काय बोलतो, तेही पाहून नोंद पुरी करावी.

निवाडा लिहिणे, पाठवणे आणि चुकल्यास दुरुस्त करणे

निवाडा अर्ध्या पानाचा असावा. त्यात मूळ वाक्य, संदर्भ, दोन रकाने, तपासलेले तथ्य आणि माफीची नोंद एवढेच लिहावे. 'निर्लज्ज', 'नालायक' असे शब्द आपल्या निवाड्यात आले की ते खोडून, नेमके काय खटकले ते साध्या वाक्यात लिहावे. मतभेद उरला तर तोही नावानिशी नोंदवावा. आमच्या वहीत पाच विरुद्ध तीन असे निवाडे बरेच आहेत. मग ते वृत्तपत्राच्या वाचकपत्रांच्या सदराकडे, त्या नेत्याच्या कार्यालयाकडे किंवा त्याच्या पक्षाच्या तालुकाध्यक्षाकडे पाठवावे. चांगल्या वक्तव्याचेही पत्र जावे. प्रचाराच्या धामधुमीत विरोधकाच्या आजारी आईची व्यासपीठावरून चौकशी करणाऱ्या एका उमेदवाराला आम्ही चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांचे हाताने लिहिलेले उत्तर वाचनालयात जपून ठेवले आहे.

पेनड्राइव्हवरचे भाषण ऐकले त्या रात्री आम्ही वहीतला जुना निवाडा फाडला नाही. त्यावर एक तिरकी रेघ मारली, खाली 'चूक, संदर्भ तोडलेला होता' असे लिहिले, तारीख घातली आणि आठही जणांनी सह्या केल्या. मी त्याच चार समूहांवर संपूर्ण भाषणाचा चौदाव्या ते विसाव्या मिनिटाचा भाग टाकला आणि आधीची चित्रफीत मी पाठवली होती, हेही लिहिले. पहिल्या संदेशाला साठ-सत्तर प्रतिक्रिया आल्या होत्या, दुसऱ्याला चार आल्या. दुसऱ्या दिवशी तलाठीअण्णा आणि मी एसटीने त्या नेत्याच्या गावी गेलो आणि वहीतले ते पान त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले, चहा सांगितला आणि त्या पानाची झेरॉक्स मागितली.